मालिकेचं चित्र वाचताना आधी सोय वजा करा

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मालिकांमधल्या दृश्यप्रतीकांवर आलेला लेख आणि त्यावरची वाचकांची पत्रं वाचली. मालिकांची चर्चा कथानक आणि टीआरपी सोडून पडद्यावर प्रत्यक्ष काय दिसतं इथवर आली, हे बरंच झालं. पण त्या लेखात लाल साडी म्हणजे धोका, आरसा म्हणजे दुभंगलेलं मन, जिना म्हणजे सत्ता अशी यादीच दिली आहे, आणि काही पत्रलेखकांनी ती शाळेतल्या समानार्थी शब्दांसारखी पाठ करून पुढे चालवली आहे. आम्ही छायालेखन, कलादिग्दर्शन आणि संकलन या खात्यांत काम करणारी माणसं. पडद्यावरच्या तपशिलाला अर्थ असतो, याबद्दल आमचं दुमत नाही. मात्र तो शोधण्याआधी एक वजाबाकी करावी लागते, आणि ती कुणी करताना दिसत नाही.

पडद्यावरची कुठलीही वस्तू ढोबळमानाने तीनपैकी एका कारणाने तिथे असते. चित्रीकरणाची सोय म्हणून. रिवाज म्हणून, म्हणजे आपल्या समाजात किंवा मालिकांच्या जगात ती तशीच असते म्हणून. किंवा कुणीतरी मुद्दाम निवडली म्हणून. अर्थ सर्वांत दाट असतो तो निवडीत, रिवाजात थोडा असतो आणि सोयीत जवळपास नसतोच. गंमत अशी की प्रतीकं शोधणाऱ्यांचं लक्ष नेमकं सोयीकडे जातं, कारण सोयीच्या गोष्टी रोज दिसतात.

जिन्याचंच घ्या. मालिकेतल्या दिवाणखान्यात तो जवळपास हमखास असतो, कारण दहा-बारा माणसं एका चौकटीत बसवायची तर डोकी वरखाली हवीत. नाहीतर पुढच्याच्या खांद्यामागे मागचा झाकला जातो. लग्नाच्या ग्रुप फोटोत पायऱ्या लागतात, तेच कारण. शिवाय वरून उतरणारं माणूस सगळ्यांना एकदम दिसतं, म्हणजे 'प्रवेश' फुकटात मिळतो. बहुतेक सेटवर तो जिना एका फळीवर जाऊन संपतो. वरच्या मजल्यावरच्या खोल्या खाली शेजारीच उभ्या असतात. आता सहा महिने सगळ्यात खालच्या पायरीजवळ उभी राहून बोलणारी सून एके दिवशी तिसऱ्या पायरीवर थांबून बोलली, तर त्या बदलाला अर्थ आहे. जिन्याला स्वतःचा नाही.

घरातली माणसं अर्धवर्तुळात उभी राहतात, जेवणाच्या टेबलाची एक बाजू रिकामी असते, ओट्याशी उभ्या बाईचं तोंड कायम आपल्याकडे असतं. आपल्या घरात ओटा भिंतीला असतो, म्हणजे स्वयंपाक करणाऱ्या बाईची पाठच दिसेल. सेटवर ती भिंत काढलेली असते किंवा ओटाच उलटा फिरवलेला असतो. सेटला तीन भिंती, चौथ्या बाजूला कॅमेरे. त्यामुळे 'कुटुंब प्रेक्षकाकडे तोंड करून उभं आहे, म्हणजे समाजापुढे उभं आहे' वगैरे वाचलं की आमच्यातल्या सेटिंगदादांना, म्हणजे सेट उभारणाऱ्यांना, हसू आवरत नाही.

या सोयींच्या मुळाशी साधा हिशोब आहे. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वजा जाता साधारण २२ मिनिटांचं चित्र लागतं, आणि आठवड्याला सहा भाग द्यायचे तर रोज जवळपास एक भाग चित्रित व्हायला हवा. चित्रपटात दिवसाकाठी दोन-तीन मिनिटं हाती लागली तरी दिवस चांगला गेला म्हणतात. हा फरक भरून काढण्यासाठी दोन-तीन कॅमेरे एकाच वेळी चालवतात. समोरासमोरच्या दोन कॅमेऱ्यांत एकाला शोभणारी सावली दुसऱ्याच्या चित्रात नाकाखाली काळी पट्टी होऊन बसते. म्हणून दिवे वरून, पसरट, मऊ लावतात, म्हणजे पात्र कुठेही फिरलं तरी चेहरा सारखाच उजळ राहतो आणि दर शॉटला दिवे हलवावे लागत नाहीत. चेहऱ्याच्या उजळ आणि सावलीच्या बाजूंमधला फरक २:१ च्या आसपास, म्हणजे एक स्टॉप (दर स्टॉपला उजेड दुप्पट), असला की चित्र सपाट दिसतं. तीन स्टॉपचा फरक, म्हणजे ८:१, ठेवला की अर्धा चेहरा अंधारात जातो. दैनंदिन मालिकेतला उजेड सपाट असण्यात 'मध्यमवर्गीय आयुष्यातला सपाटपणा' शोधू नये. मात्र एरवी २:१ वर चालणाऱ्या मालिकेत एखाद्या रात्रीच्या प्रसंगात एकाच पात्राचा अर्धा चेहरा बुडाला असेल, तर कुणीतरी दुसरा कॅमेरा बंद ठेवून, दिवे बदलून, वेळ घालवून ते केलं आहे. तिथे थांबून बघावं.

अंधाराच्या बाबतीत आणखी एक अडचण असते, ती प्रेक्षकाच्या घरातली. 'गेम ऑफ थ्रोन्स' या अमेरिकी मालिकेचा 'द लाँग नाइट' हा भाग एप्रिल २०१९ मध्ये दाखवला गेला. रात्रीच्या लढाईचं चित्रीकरण ५५ रात्री चाललं होतं, आणि जगभरच्या प्रेक्षकांची तक्रार आली की काही दिसतच नाही. प्रसारणासाठी चित्र दाबून लहान केलं की काळ्या रंगाच्या जवळजवळच्या छटा एकत्र होतात आणि अंधारात चौकोनी ठोकळे दिसू लागतात. त्यात दिवाणखान्यातली ट्यूबलाइट चालू असेल तर उरलेलंही जातं. आपल्याकडच्या वाहिन्या 'अजून ब्राइट करा' म्हणून मागे लागतात, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. अंधारावर लिहिणाऱ्याने आधी आपल्या टीव्हीचा 'व्हिव्हिड' मोड बंद करावा. तो मोड रंग आणि कॉन्ट्रास्ट मूळ चित्रापेक्षा भडक करतो.

आरशाकडे वळू. आरशात कॅमेरा, दिवे आणि माईकचा दांडा दिसतो. म्हणून सेटवर आरसे थोडे कलते लावतात किंवा त्यावर चमक कमी करणारा स्प्रे मारतात. पूर्वजांच्या तसबिरींच्या काचाही याच कारणाने काढून ठेवतात. त्यामुळे आरशातलं प्रतिबिंब धरून घेतलेला शॉट दैनंदिन मालिकेत महागडा असतो. यातून एक कामचलाऊ कसोटी मिळते: ज्या तपशिलाला जास्त वेळ लागला असणार, तो मुद्दाम आणलेला असण्याची शक्यता जास्त. आरसा खोलीत नुसता लटकलेला असेल तर तो फर्निचर आहे. पात्र आणि प्रतिबिंब दोन्ही एकाच चौकटीत, दोन्ही नीट प्रकाशात असतील, तर ती निवड आहे. निवडीचा अर्थ मात्र 'दुभंगलेलं मन' असेलच असं नाही. पुष्कळदा एकमेकांकडे पाठ करून बोलणाऱ्या दोन माणसांचे चेहरे एकदम दाखवायचे असतात, आणि आरसा ते काम करतो. नवरा-बायकोच्या अबोल्याच्या प्रसंगात हा उपयोग फार सुंदर होऊ शकतो.

भिंतीवरचं घड्याळ बहुधा बंद ठेवलेलं असतं. प्रसंग उलटसुलट क्रमाने चित्रित होतात. काटे चालू राहिले तर संवादाच्या मधोमध तास उडी मारेल. तेव्हा 'थांबलेलं घड्याळ, थांबलेला काळ' हा शोध जपून लावावा. बारीक चौकडीचे शर्ट मालिकांत कमी दिसतात, कारण ते कॅमेऱ्यात लहरतात. जुन्या ५७६ रेषांच्या प्रसारणात तर डोळ्यांपुढे नाचत. तेव्हा भडक लाल रंगही कडेने पसरायचा. नायिकेने सहा दिवस हातात मोठी पर्स किंवा उशी धरली असेल, तर कलाकाराला दिवस गेलेले असू शकतात. एखादं पात्र अचानक फोनवरच बोलू लागलं तर ते रजेवर आहे. धुण्याच्या पावडरीचा पुडा चौकटीच्या मधोमध दोन सेकंद दिसला, तर त्याचे पैसे आलेले आहेत. आणि जानेवारीत घरातल्या सगळ्या बायका काळ्या साड्यांत दिसल्या तर ती संक्रांत आहे, शोककळा नव्हे. हे शेवटचं सांगावं लागू नये, पण एका पत्रात वाचलं म्हणून सांगतो.

निव्वळ चूक हाही एक वेगळा प्रकार आहे. मे २०१९ मध्ये त्याच 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या पुढच्या भागात मेजवानीच्या टेबलावर कॉफीचा कागदी पेला राहून गेला. जगभर बोभाटा झाला आणि दोन दिवसांत तो पेला चित्रातून पुसला गेला. एवढा पैसा आणि एवढी माणसं असलेल्या ठिकाणी हे होतं, तर रोज एक भाग देणाऱ्या ठिकाणी टिकली दोन शॉटच्या मध्ये अर्धा सेंटिमीटर वर सरकली, यात नवल नाही.

आता रिवाज. इथे आम्हाला त्या लेखातली सर्वांत मोठी चूक वाटते, कारण लेखकाने रंगांचे अर्थ बाहेरून आणले. लाल म्हणजे धोका हा वाहतुकीच्या दिव्याचा अर्थ झाला. एकोणिसाव्या शतकातल्या पुण्याचं ब्राह्मणी घर उभं करायचं असेल, तर तांबडं आलवण हे विधवेचं वस्त्र आहे: बिनकाठाचं, केशवपन केलेल्या डोक्यावरून घेतलेलं. त्याच चौकटीत लाल कुंकू लावलेली सवाष्ण बसली असेल, तर दोन लाल रंग एकमेकांच्या विरुद्ध बोलत असतात. रंगाचं नाव सांगून हा फरक कळत नाही; कापड, काठ, डोकं आणि कपाळ मिळून बघावं लागतं. पांढरी साडी म्हणजे विधवा हा संकेत मराठी मालिकांत बराचसा हिंदीकडून आला आहे. आपल्याकडे हिरवा हा सौभाग्याचा आणि सुफळतेचा रंग: लग्नातला हिरवा चुडा, ओटीतला खण, डोहाळजेवणाची साडी. एखाद्या पात्राच्या हातातल्या हिरव्या काचेच्या बांगड्या चार भागांत एकेक करून कमी होत गेल्या आणि शेवटी सोन्याच्या तेवढ्या उरल्या, तर वेशभूषेने काहीतरी सांगितलं आहे. पण चार भाग पाहिल्याशिवाय ते दिसणारच नाही.

मराठी मालिकेचं चित्र वाचायला परदेशी चिन्हकोशाहून मराठी भाषाच जास्त उपयोगी पडते, असा आमचा अनुभव. उंबरठा ओलांडणं, पदर खोचणं, पाठ फिरवणं, मान खाली घालणं, तोंडावर दार लावणं हे सगळं आपण बोलतो तेव्हा वाक्प्रचार असतो आणि कॅमेऱ्यापुढे ती कृती होते. पदराचंच बघा: एका खांद्यावर मोकळा, दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, डोक्यावर, कमरेला खोचलेला, हातात पिळलेला. पाच अवस्था आणि पाचही प्रेक्षकाला संवादाविना कळतात. बसल्या जागी पदर खोचून उठणारी बाई आता कामाला लागणार किंवा भांडणार, हे तिने तोंड उघडण्याआधीच कळलेलं असतं. नव्या नवरीच्या मंगळसूत्राच्या वाट्या उलट्या असतात. त्या सुलट्या झाल्या की लग्नाला काही काळ लोटल्याचं कॅलेंडर न दाखवता कळतं. पिंजर, मेणावरचं कुंकू, चिकट टिकली यांत पिढी आणि काळ दिसतो. हे अर्थ ज्याला माहीत आहेत त्याच्यासाठी फुकट आहेत. म्हणूनच ते पाळणं ही फार मोठी कलाकारी नव्हे. ते मोडलेले दिसले की मात्र सावध व्हावं. डोक्यावर पदर घेणाऱ्या सासूचा पदर एका वाक्यावर घसरला आणि तिने तो सावरला नाही, तर तिथे लेखक नव्हे, चित्र बोलतंय.

निवड ओळखायची कशी? वेळेची कसोटी वर सांगितली. त्याहून भरवशाचं म्हणजे पुनरावृत्ती आणि त्या पुनरावृत्तीत पडलेला फरक. फाळणीच्या वेळच्या दंगलींवरची 'तमस' ही हिंदी मालिका दूरदर्शनवर १९८८ मध्ये आली. दिग्दर्शक गोविंद निहलानी मुळात छायालेखक. सुरुवातीला नथू, म्हणजे ओम पुरी, एका बंद खोलीत डुक्कर मारण्यासाठी झटतोय. हा प्रसंग लांबवला आहे. जनावर सापडत नाही, माणूस थकतो, आणि प्रेक्षकाला वाटतं की हे इतका वेळ कशाला दाखवताहेत. सकाळी तेच डुक्कर मशिदीच्या पायऱ्यांवर सापडतं. वस्तू तीच, जागा बदलली, आणि तिचा अर्थ इतका बदलला की शहर पेटलं.  रात्रीची मेहनत आपण पाहिली आहे, म्हणून सकाळचं चित्र आपल्याला कुणाही पात्राआधी कळतं. पहिला प्रसंग अर्ध्या लांबीचा असता तर नथूच्या अपराधाचं ओझं आपल्यावर आलं नसतं. तपशिलाला अर्थ येतो तो किती वेळ दाखवला यानेसुद्धा, हे आपल्या लेखात कुठेच नाही.

याच्या उलट टोकाला 'ब्रेकिंग बॅड' ही अमेरिकी मालिका. २००९ च्या दुसऱ्या पर्वात चार भागांच्या आरंभी काळ्यापांढऱ्या चित्रात एकच रंगीत वस्तू दिसते: पोहण्याच्या तलावात तरंगणारं, एका डोळ्याचं, अर्धवट जळकं गुलाबी टेडी अस्वल. ते काय, कुणाचं, हे पर्वाच्या शेवटापर्यंत सांगत नाहीत. शेवटी कळतं की आकाशात दोन विमानं आदळली आणि अवशेष नायकाच्या घरावर पडले. त्या चार भागांची शीर्षकं ओळीने वाचली, 'सेव्हन थर्टी-सेव्हन', 'डाउन', 'ओव्हर', 'एबीक्यू', तर '७३७ विमान एबीक्यूवर, म्हणजे अल्बुकर्की शहरावर, कोसळलं' अशी अपघाताची बातमीच तयार होते. हे अर्थातच आधी ठरवून, सगळं पर्व डोळ्यांपुढे असतानाच जमतं. आपल्याकडे पुढच्या आठवड्याचे प्रसंग या आठवड्यात लिहिले जातात, हाताशी भागांची बँक, म्हणजे आधीच तयार भागांचा साठा, नसते, तिथे १३ भागांनंतर फळ देणारा तपशील पेरायचा कुणी? तरीही एक गोष्ट दैनंदिन मालिकेलाच जमते. शेकडो भागांत रोज दिसलेली वस्तू प्रेक्षकाच्या घरचीच होते. रोज दिसणारा झोपाळा एके दिवशी रिकामा हलताना दाखवला, तर दहा भागांच्या वेबमालिकेला जे साधणार नाही ते एका शॉटमध्ये साधतं. याचा वापर फार कमी होतो, ही आमच्या व्यवसायाची चूक. त्याबद्दल टीका झाली तर ती रास्त आहे.

सोयीतूनही कधी कधी निवड जन्मते. २०१६ साली सुरू झालेली 'रात्रीस खेळ चाले' सावंतवाडीजवळ आकेरीच्या खऱ्या वाड्यात चित्रित झाली. खऱ्या घराच्या भिंती हलत नाहीत. कोकणातल्या घरात ओटी, माजघर, स्वयंपाकघर एकामागे एक. खोल्या लहान, दारं बुटकी, कौलातून आणि खिडकीतून येईल तेवढाच उजेड. कॅमेऱ्याला मागे सरायला जागा नसते. मग दोनच मार्ग उरतात: रुंद भिंग लावायचं किंवा कॅमेरा पलीकडच्या खोलीत नेऊन दारातून बघायचं. सुपर ३५ मापाच्या (चित्रपटाच्या कॅमेऱ्यांत नेहमी असतो त्या आकाराच्या) सेन्सरवर २४ मिलिमीटरचं भिंग आडवं सुमारे ५५ अंश बघतं, ८५ मिलिमीटरचं सुमारे १७ अंश. दारातून बघितलं की चौकटीच्या आत लाकडी चौकट येते, दोन्ही बाजूंना काळोख राहतो, आणि कुणीतरी लपून बघतंय असं वाटायला लागतं. भयकथेला याहून काय हवं? अडचण होती जागेची, पण गोष्टीला ती मानवली. असाच शॉट गोरेगावच्या सेटवर घेताना भिंत मुद्दाम परत लावावी लागते.

अभ्यास करू इच्छिणाऱ्यांसाठी एक कल्पित प्रसंग घेऊन पद्धत सांगतो. समजा, सासू सुनेला किल्ल्यांचा जुडगा देते. प्रसंग अडीच मिनिटांचा.

पहिल्यांदा आवाज बंद करून बघा आणि कागदावर खोलीचा नकाशा काढा: दार, खिडकी, देव्हारा, सासू, सून, बाकीचे. सासू-सुनेमध्ये एक रेघ मारा. कॅमेरे त्या रेघेच्या एकाच बाजूला राहिले असतील तर सासू कायम एका दिशेला आणि सून तिच्या उलट दिशेला बघताना दिसेल. मध्येच दोघी एकाच दिशेला बघायला लागल्या, तर रेघ ओलांडली गेली. ती नेमकी किल्ल्या हातात पडताना ओलांडली असेल तर निवड असू शकते. भलत्याच वाक्यावर असेल तर घाईत घेतलेला पिकअप शॉट, म्हणजे राहून गेलेला तुकडा नंतर वेगळा घेतलेला, समजा.

दुसऱ्या फेरीत कट मोजा. १५० सेकंदांत ४० कट निघाले तर सरासरी शॉट पावणेचार सेकंदांचा. त्यात २८ क्लोज, म्हणजे चेहरा जवळून दाखवणारे शॉट, असतील आणि त्यातले १६ जाऊ, नणंद, दीर यांच्या चेहऱ्यांचे, तर ते १६ बहुधा लांबी भरायला आहेत, बाजूला ठेवा. तिहेरी झटक्याने चेहऱ्यावर झेपावणारा कॅमेराही त्यातच टाका. उरलेल्या बारांमध्ये सरासरीहून बराच जास्त टिकलेला शॉट शोधा. दहा सेकंद न कापता ठेवलेला एक क्लोज असेल तर संकलकाने तिथे मुद्दाम हात आवरला आहे. मग भिंग बघा. डोक्यामागचा देव्हारा मोठा, जवळ आलेला आणि धूसर दिसत असेल तर कॅमेरा लांबून, मोठ्या (वर सांगितलेल्या ८५ मिलिमीटरसारख्या) भिंगाने बघतोय. देव्हारा लहान आणि खोलीच्या रेघा मागे पळताना दिसत असतील तर जवळून, रुंद भिंगाने. एकीला एक आणि दुसरीला दुसरं वापरलं असेल तर का, हे विचारण्याजोगं आहे. पण आधी नकाशात बघा, एकीच्या मागे भिंत तर नाही ना. जागा नसेल तर भिंग जागेनेच ठरवलं.

तिसऱ्यांदा फक्त जुडग्यावर नजर ठेवा. तो याआधीच्या भागांत सासूच्या कमरेला होता का, की आजच अवतरला? देताना हात कुणाचा वर आहे? सुनेने तो हातात घेतला की पदर पसरून? हे दोन वेगळे संबंध आहेत. देताना सासूची नजर किल्ल्यांवर आहे की सुनेवर? आणि महत्त्वाचं म्हणजे पुढच्या आठवड्यात जुडगा कुठे आहे. सुनेच्या कमरेला दिसला, कपाटावर पडलेला दिसला, तर तपशील जिवंत आहे. पुन्हा कधीच दिसला नाही तर प्रॉपर्टीच्या, म्हणजे सेटवरच्या सामानाच्या, पेटीत गेला. त्यात 'सत्तेचं अदृश्य होणं' शोधू नये.

चौथ्यांदा पडद्याकडे पाठ करून नुसतं ऐका. सगळं कळलं, काही निसटलं नाही, तर त्या प्रसंगातलं चित्र संवादाची री ओढत होतं. दैनंदिन मालिकांत हे वारंवार होतं आणि त्यालाही कारण आहे: संध्याकाळी सात ते नऊ ही स्वयंपाकाची वेळ, लसूण सोलता सोलता मालिका ऐकणारा प्रेक्षक मोठा, म्हणून 'आई, तुम्ही मला किल्ल्या देताय?' असं वाक्य लिहिलं जातं. ऐकताना जे निसटलं, तेवढाच त्या प्रसंगातला चित्राचा वाटा. आमच्या मते परीक्षण तिथून सुरू व्हावं.

आपल्या दैनिकाकडे दोन मागण्या आहेत. दृश्याबद्दल विधान करणाऱ्या लेखकाने भागाची तारीख आणि मिनिट द्यावं, म्हणजे वाचकाला तपासता येईल. आणि परीक्षणात लेखक-दिग्दर्शकांबरोबर छायालेखक, कलादिग्दर्शक, वेशभूषाकार, संकलक यांची नावं छापावीत. शेवटची श्रेयनामावली टीव्हीवर इतक्या वेगाने पळते की वाचता येत नाही, आणि ओटीटीवर ती सुरू व्हायच्या आत 'पुढचा भाग' उघडतो.

आणखी एक, कारण आपल्या लेखासोबतची सगळी चित्रं समाजमाध्यमांवरच्या उभ्या तुकड्यांतून घेतलेली दिसतात. १६:९ च्या (रुंदी १६ तर उंची ९) चित्रातून पूर्ण उंची ठेवून ९:१६ चा उभा तुकडा काढला की रुंदीतला सुमारे ३२ टक्के भागच उरतो. जुन्या ४:३ च्या काळातही रुंद चित्र कापून दाखवलं तर ७५ टक्के तरी उरत असे. चौकटीचा आकार ही गंभीर गोष्ट आहे. 'द वायर' ही अमेरिकी मालिका ४:३ मध्ये चित्रित झाली होती. २०१४ मध्ये ती १६:९ करताना कडांना मूळ रचनेत नसलेली जागा चौकटीत आली, आणि कुठल्या प्रसंगाला याने फायदा होतो, कुठल्याला तोटा, याची चर्चा खुद्द निर्माते डेव्हिड सायमन यांनी केली. आपल्याकडे तर उलट दोन-तृतीयांश चित्र कापलं जातं आणि कापणारा फक्त बोलणारा चेहरा मधोमध ठेवतो. सासू बोलत असताना सून कडेला काय करत होती, देव्हारा कुणाच्या मागे होता, दारात तिसरं कोण उभं होतं, हे त्या तुकड्यावरून सांगता येणार नाही. पुढच्या लेखासाठी चित्रं मूळ भागातून, आडवी घ्यावीत.

आपले,
मालिकांच्या छायालेखन, कलादिग्दर्शन व संकलन विभागांत काम करणारे काही तंत्रज्ञ,
मुंबई